केवळ-वाचन प्रोग्राम फाइल्स व महापृष्ठे : एक विवेचन

एक्स८६ प्रोसेसरवर संगणकाची मेमरी सामान्यतः ४ किलोबाइटच्या पृष्ठांत विभागलेली असते. आभासी पत्त्याचे प्रत्यक्ष पत्त्यात रूपांतर करताना प्रोसेसर अलीकडील नोंदी टीएलबी या छोट्या कोष्टकात जपून ठेवतो. ६४ मेगाबाइटच्या प्रोग्रामला अशा १६,३८४ नोंदी लागतात. तेवढी जागा कोष्टकात नसल्याने पृष्ठतक्ता वारंवार धुंडाळावा लागतो व वेळ खर्ची पडतो. २ मेगाबाइटची महापृष्ठे वापरल्यास ३२ नोंदी पुरतात. टपालाच्या पहिल्या वर्गवारीस गावोगावच्या नोंदींऐवजी शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्याच नोंदी पुराव्यात, तसाच हा प्रकार होय.

प्रोग्रामचा सूचनाभाग चालू असताना बदलत नाही. त्यामुळे फाइल व मेमरीतील प्रत यांत तफावत पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. याच आधारे लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत (२०१९) ही सोय प्रायोगिक स्वरूपात आली. फाइल लेखनासाठी उघडल्यास तिची महापृष्ठे काढून टाकण्याची तरतूद तीत होती.

तथापि सलग मोकळी मेमरी सदैव उपलब्ध नसते. शिवाय लहान प्रोग्रामसाठी महापृष्ठाचा बराचसा भाग वाया जातो. म्हणून मर्यादित मेमरीच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांत सरसकट वापर करण्यापूर्वी टीएलबीत नोंद न सापडण्याचे प्रमाण मोजून पाहणे इष्ट ठरते.