बिदरीचा काळा रंग आणि गच्चीवरील केबलचा गंज

पावसाळा स्थिरावला की अनेक घरांत दूरचित्रवाणीचे चित्र अडखळू लागते, इंटरनेट वारंवार तुटते, फाटकावरचा कॅमेरा बंद पडतो. दोष डिशला किंवा मोडेमला दिला जातो. पुष्कळदा तो असतो गच्चीवरील बोटाच्या पेराएवढ्या कनेक्टरमध्ये. तिथे नेमके काय घडते, हे समजून घ्यायला कर्नाटकातील बिदरच्या कारागिरांकडे पाहावे.

1472 मध्ये गोवा बहमनी राज्याला जोडणारा महमूद गवान याच बिदरचा वजीर. कलबुर्गीहून राजधानी इथे आल्यानंतर बहरलेली बिदरी कला आजही जिवंत आहे. शाह रशीद अहमद कादरी या बिदरी कारागिरांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. बिदरीचे भांडे मुख्यतः जस्ताचे असते आणि त्यात थोडे तांबे मिसळलेले असते. त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातील विशिष्ट माती आणि नवसागर यांचा ओला लेप कोमट भांड्यावर चोळतात. काही क्षणांत जस्ताचा पृष्ठभाग काळा होतो, चांदी मात्र तशीच चमकत राहते. मग भांडे धुऊन, कोरडे करून त्याला तेल लावतात.

ही जाणीवपूर्वक घडवलेली आणि योग्य वेळी थांबवलेली झीज आहे. कनेक्टरमध्येही साहित्य जवळपास तेच असते, फक्त थांबवणारा हात नसतो. डिशच्या केबलचा मधला वाहक बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा, भोवतीची जाळी ॲल्युमिनियमची, तर कनेक्टर निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेचा किंवा जस्त मिश्रधातूचा. भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारट ओल शिरली की एक सूक्ष्म विद्युतघटच तयार होतो आणि अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. नवसागरातील क्लोराइड मिठातही असते. समुद्रावरून येणारा वारा तेच आपल्या गच्चीवर आणून टाकतो.

गंजाचा रंग पाहूनही निदान करता येते. हिरवट थर तांब्याचा किंवा पितळेचा, पांढरी भुकटी जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची, तांबूस डाग आतल्या पोलादापर्यंत ओल पोहोचल्याचे लक्षण.

बिदर-कलबुर्गीत पाऊस गोव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, तरी तिथले जोडही सुरक्षित नसतात. कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा उन्हात टेपचा चिकटा सुटतो, प्लास्टिकला तडे जातात. बंद पेटीतील हवा दिवसा तापून बाहेर पडते. सायंकाळी सरीने पेटी गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणजे पाणी केवळ वरून पडत नाही, जोड ते श्वासासारखे आत घेतो. एकदा जाळीत शिरलेले पाणी केशाकर्षणाने केबलमधून लांबवर सरकते. म्हणून जाळी काळवंडली असेल, तर स्वच्छ भाग लागेपर्यंत केबल कापून नवा कनेक्टर बसवावा.

उपाय सोपे आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी वीजपुरवठा बंद करावा. कोरड्या दिवशी जोड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा. ओल्या जोडावर टेप गुंडाळणे म्हणजे ओल कोंडून ठेवणे. मग कनेक्टर घट्ट बसवून स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. सुरुवात खालून वरच्या दिशेने करावी आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवावा. छपरावरील कौलांप्रमाणे वरचा थर खालच्यावर आला की पाणी बाहेरच ओघळते. त्यावर उन्हात टिकणाऱ्या टेपचे आवरण द्यावे. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झुकलेला वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या टोकावरून गळून जाईल. पेटीत केबल खालच्या बाजूने घ्यावी आणि तळाशी बारीक छिद्र ठेवावे.

व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जोडावर वापरू नये. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते तांब्याला मारक ठरते. ‘आयपी 67’ ही खूण धूळ रोखली जाते आणि वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, एवढेच सांगते. खाऱ्या हवेत ती किती वर्षे टिकेल याची हमी त्यात नसते.

सौर पॅनेलच्या जोडांबाबत मात्र घरगुती प्रयोग टाळावेत. तिथे एकदिश प्रवाह वाहत असतो. गंजलेला किंवा भिन्न बनावटीचा जोड तापून त्यात ठिणगी पडू शकते आणि आगही लागू शकते. चालू प्रवाहात असा जोड उघडणे धोक्याचे आहे. ते काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

बिदरीचा कारागीर भांडे कोरडे केल्यावरच त्यावर तेलाचा हात फिरवतो. गच्चीवरील जोडालाही तोच क्रम लागू पडतो: आधी कोरडे करणे, मग झाकणे. मृगाच्या आधीची एक सकाळ या कामासाठी राखून ठेवली, तर पावसाळाभर दुरुस्तीवाल्याची वाट पाहण्याची वेळ सहसा येणार नाही.