पाणी जड की वाईट?

दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील वाडा सोडून गावाबाहेरच्या नव्या सोसायटीत राहावयास गेलेल्या आपल्या मंडळींची एक तक्रार हल्ली वारंवार कानी पडते. डाळ शिजत नाही, चहावर तवंग धरतो, साबण फेसाळत नाही आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो. मग कोणी म्हणते, या पाण्याने मुतखडा होणार. आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आरओचे यंत्र चढते.

बडोद्यात ही तक्रार पूर्वी फारशी नव्हती, याचे कारण आपल्या नळांच्या इतिहासात आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधविला आणि 1892 साली त्याचे पाणी शहरात आले. ते मुख्यतः पावसाचे, साठवून ठेवलेले पाणी. जमिनीच्या पोटात फार दिवस न राहिलेले, म्हणून हलके. पुढे शहर वाढले तसे फाजलपूर, रायका, दोडका येथे महीच्या पात्रातील विहिरींचे पाणी आले. परंतु उपनगरांत अनेक ठिकाणी आजही बोअरचा आधार घ्यावा लागतो. एकाच टाकीत नळाचे व बोअरचे पाणी मिसळणाऱ्या सोसायट्याही मी पाहिल्या आहेत. तेथे सोमवारचे वरण आणि गुरुवारचे वरण सारखे लागत नाही, यात स्वयंपाक करणाऱ्या वहिनींचा काही दोष नाही.

जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. डाळीच्या दाण्यातील पेशींना धरून ठेवणारे जे पेक्टिन असते, त्याला कॅल्शियम अधिकच घट्ट बांधते, म्हणून डाळ बोटचेपी होत नाही. साबणाशी त्याचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो व फेस मारला जातो. आपल्या आज्या रिठ्याने शालू धूत आणि शिकेकाईने केस धूत. विहिरीच्या जड पाण्यातही ते साधत असे, कारण रिठ्याच्या फेसाचा असा साका होत नाही. जडपणाचा काही भाग पाणी उकळल्याने खाली बसतो. पातेल्याच्या बुडाशी दिसणारी खडूसारखी पूड ती हीच.

आता भीतीविषयी. भारतीय मानकानुसार (आयएस 10500, 2012) पिण्याच्या पाण्याचे एकूण काठिण्य लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने काठिण्याला आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. हा थर गीझरचा कांब खातो, विजेचे बिल वाढवितो, कपड्यांचा रंग उतरवितो. हे नुकसान खरे आहे. पण जड पाणी म्हणजे दूषित पाणी नव्हे.

खरी काळजी ज्याची करावी, ते डोळ्यांना दिसत नाही. उदाहरणार्थ नायट्रेट. शोषखड्ड्यांतून व शेतांतील खतांतून ते भूजलात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, थर नाही. त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम असून तिच्यात कसलीही सवलत नाही. कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती ते कमी करते. घराघरांत आजी सांगते, “बाळाच्या दुधात घालायचे पाणी चांगले उकळून घे.” जंतूंसाठी हा सल्ला सोळा आणे खरा. पण नायट्रेट उकळल्याने जात नाही. पाणी आटते आणि ते अधिक दाट होते. बोअरच्या पाण्यावर बाळाचे वरचे दूध करणाऱ्या घरांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आरओचे यंत्र नायट्रेटही कमी करते, जडपणाही. परंतु एक लिटर पाणी गाळताना ते सामान्यतः दोन-तीन लिटर मोरीत सोडते. दिवसाला 20 लिटर वापरणाऱ्या घरातून महिन्याकाठी 1200 ते 1800 लिटर पाणी असे जाते. आजव्याच्या हलक्या पाण्यावर हे यंत्र चालविणे मला तरी उधळपट्टी वाटते. जेथे तपासणीत खरोखर दोष निघेल, तेथे ते अवश्य बसवावे आणि त्यातून निघालेले पाणी फरशी पुसण्यास ठेवावे.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम सोसायटीच्या चिटणीसांना विचारावे की, टाकीत कोणते पाणी किती येते. मग एका बाटलीत पावसाचे आणि दुसरीत नळाचे पाणी सारखे घेऊन, दोहोंत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. जडपणाचा अंदाज तेथेच येतो. त्यानंतर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि काठिण्याबरोबर नायट्रेट, फ्लोराइड व जंतू यांचीही तपासणी मागावी. भूजल ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा. हा खर्च सोसायटीने वर्गणीतून करावा आणि अहवाल जिन्याखालच्या फलकावर लावावा. यंत्र घ्यायचे की नाही, हे तो वाचून ठरवावे. तोपर्यंत डाळ रात्री भिजत घालावी आणि तोटीवरचा थर लिंबाच्या फोडीने घासावा.