रँडल घराण्याचे चाकू : हातकामाला भाव कसा मिळतो?

भट्टी, हातोडा आणि सहाण यांवर पोट असलेल्या आमच्या वाचकांना एक प्रश्न नेहमी सतावतो. कारखान्याचा माल स्वस्तात मिळत असताना हाताने घडवलेल्या वस्तूला गिऱ्हाईक आणायचे कोठून? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो शहरात रँडल घराणे शिकारी चाकू बनवते. त्यांच्या धंद्याची माहिती म्हणूनच येथे देत आहोत.

वॉल्टर डोन रँडल ऊर्फ बो रँडल हे मूळचे संत्री-मोसंबीचे बागाईतदार. मिशिगनमध्ये एक इसम चाकूने होडीचा जुना रंग खरवडत होता, तरी चाकूची धार उतरत नव्हती. तो चाकू बिल स्केगल या कारागिराने घडवलेला होता. रँडल यांनी तो विकत घेतला आणि १९३७ साली स्वतः पहिला चाकू घडवला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची मागणी आली आणि छंदाचा धंदा झाला. बो रँडल १९८९ साली वारले. पुढे मुलगा गॅरी आणि नंतर नातवंडे या कामात आली.

काम आपल्या लोहारांना ओळखीचे वाटेल असेच आहे. पोलादाची पट्टी तापवून ठोकायची, घासून आकार द्यायचा, पाणी द्यायचे, मग धार लावायची. मुठीसाठी चामड्याच्या चकत्या एकमेकींवर घट्ट बसवून घासतात, किंवा शिंग वापरतात. मागणी वाढली तरी हातकाम सोडले नाही. परिणामी, थेट कारखान्यात मागणी नोंदवणाऱ्याला कित्येक वर्षे थांबावे लागते. ज्याला थांबायचे नाही तो व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घेतो.

मालाची परीक्षाही झाली. अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांसाठी रँडल यांनी खास चाकू बनवले. १९६१ साली गस ग्रिसम यांचे यान समुद्रात बुडाले. १९९९ साली ते सुमारे १५,००० फूट खोलीवरून वर काढले, तेव्हा त्यातला रँडल चाकूही हाती लागला.

संग्राहक मात्र नुसते पाते पाहत नाहीत. म्यान कोणाचे, हेही पाहतात. सुरुवातीची म्याने डेन्व्हरच्या हायझर यांची, नंतरची मॉरिस जॉन्सन यांची. म्यानावरील छापावरून चाकूचा काळ ठरतो आणि काळावरून भाव. चामड्याचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. तेथे म्यान शिवणाऱ्याचेही नाव राहिले.

या धंद्याशी हिंदुस्थानचाही संबंध आहे. परदेशी चाकूंच्या मुठींसाठी आपल्या सांबराची गळून पडलेली शिंगे पूर्वी मोठ्या प्रमाणावर निर्यात होत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही निर्यात बंद झाली. आज शिंगाचा व्यापार करणे गुन्हा आहे, तेव्हा कोणी स्वस्तात देऊ केले तरी कारागिरांनी त्यापासून दूर राहावे. पण जोवर हा व्यापार चालू होता, तोवर आपण कच्चा माल विकला. त्याच शिंगाची मूठ बसवून परदेशी कारागिराने त्यावर आपले नाव घातले आणि खरी कमाई त्याची झाली.

आमच्या मते नुकसान येथेच होते. आपल्याकडचा उस्ताद जन्मभर उत्तम माल घडवतो, पण त्यावर छाप दुकानदाराचा असतो किंवा कोणाचाच नसतो. मग पुढच्या पिढीला मिळतात ती फक्त अवजारे. नावाचा ठसा बनवायला फार खर्च येत नाही. प्रत्येक नगावर नाव आणि साल घालावे, गिऱ्हाईकाची नोंद वहीत ठेवावी आणि ठसा मारण्याजोगा नसलेला नग दुकानाबाहेर जाऊ देऊ नये. इतके आजपासून सुरू करता येईल.