लुटले गेलेले चाचे

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या बेसबॉल संघाचं नाव आहे ‘पायरेट्स’. पायरेट्स म्हणजे समुद्री चाचे. आता हे शहर समुद्रापासून बरंच आत, नद्यांच्या संगमावर वसलेलं, पोलादाच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं. तिथे चाचे आले कुठून? तर 1891 च्या सुमारास या संघानं लुई बायरबावर नावाचा एक खेळाडू आपल्याकडे घेतला. तो फिलाडेल्फियाच्या संघाचा समजला जात होता. ‘ही तर चाचेगिरी झाली,’ अशी ओरड झाली. पिट्सबर्गकरांनी ती शिवी मनावर न घेता बिरुदासारखी मिरवली.

गंमत बघा. दुसऱ्याचा खेळाडू पळवला म्हणून ज्यांचं हे नाव पडलं, त्यांचेच उत्तमोत्तम खेळाडू पुढे दुसरे संघ घेऊन जाऊ लागले. नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं पिट्सबर्गमध्ये काढली आणि हा संघ माझ्या मानगुटीवर बसला तो कायमचाच. 1909, 1925, 1960, 1971 आणि 1979 अशी पाच अजिंक्यपदं त्यांच्या नावावर आहेत. पण 1993 ते 2012 अशी सलग वीस वर्षं या संघानं जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमध्ये इतकी लांब रांग दुसऱ्या कोणत्याही संघाची नाही. हे असं का झालं, आणि त्यात खेळाडूंच्या देवाणघेवाणीचा, म्हणजे ‘ट्रेड’चा, वाटा किती, ते आज सांगायचं आहे.

ट्रेड म्हणजे काय, हे आपल्याला आता आयपीएलमुळे कळतं. नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला, तो ट्रेडच होता. बेसबॉलमध्ये मात्र हा व्यवहार बहुतेक वेळा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू असा होतो. तुमचा एक नामवंत खेळाडू द्या, आमची तीन-चार होतकरू मुलं घ्या. खेळाडूला सहसा कोणी विचारत नाही. सकाळी एका गावात उठलेला माणूस रात्री दुसऱ्या गावच्या संघाचा झालेला असतो. जुलै महिन्याच्या अखेरीस या व्यवहारांची मुदत संपते आणि त्या आठवड्यात चाहत्यांची झोप उडते.

आता गरीब संघ चांगला खेळाडू देऊन का टाकतो? त्याचं गणित असं आहे. खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं तो आपल्या संघाशी बांधलेला असतो. पहिली तीन वर्षं त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात. 2025 मध्ये हे किमान वेतन 7 लाख 60 हजार डॉलर होतं. पुढची तीन वर्षं गरज पडल्यास लवादामार्फत पगार ठरतो आणि तो वाढत जातो. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. मग जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे तो जातो. तेव्हा पाचव्या वर्षी गरीब संघाचा मालक विचार करतो, हा जाणारच आहे, फुकट जाण्यापेक्षा त्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेऊ.

यात शहर गरीब असणं म्हणजे काय, तेही बघायला हवं. बेसबॉलमध्ये खेळाडूंवरच्या खर्चाला पक्की कमाल मर्यादा नाही. फार खर्च केला तर कर भरावा लागतो, एवढंच. शिवाय टीव्हीच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक असतो. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच्या संघांना तो भरपूर मिळतो, पिट्सबर्गला बेताचा. याच शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ बघा. स्टीलर्स. तिथे 1994 पासून पगाराची कमाल मर्यादा आहे आणि देशपातळीवरचे टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात. स्टीलर्सनी त्यानंतरही 2006 आणि 2009 मध्ये सुपर बोल जिंकला. शहर तेच, माणसं तीच, नियम तेवढे वेगळे.

पण सगळं खापर नियमांवर फोडता येत नाही. पायरेट्सची स्वतःची वहीही उघडून बघायला हवी. 2003 च्या जुलैत संघानं 25 वर्षांच्या अरामिस रामिरेझला शिकागो कब्जला देऊन टाकलं. संघावर कर्ज होतं, खर्च कमी करायचा होता. रामिरेझ 2011 पर्यंत शिकागोकडून खेळला. बदल्यात आलेल्यांपैकी एकही जण पिट्सबर्गमध्ये टिकला नाही.

2008 मध्ये याच संघानं रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं. एका स्पर्धेतून निवडलेली ही मुलं पूर्वी कधी बेसबॉल खेळलेली नव्हती. ती मोठ्या लीगपर्यंत पोहोचली नाहीत. पण पैसा कमी असला की माणूस गुणांचा शोध कुठवर घेत जातो, हे त्यातून दिसतं. त्या प्रयत्नाबद्दल मला या संघाचं कौतुकच वाटतं.

मग 2013 उजाडलं. अँड्र्यू मॅककचन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 1 ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये 21 वर्षांनी बाद फेरीचा सामना झाला. काळे कपडे घालून आलेल्या प्रेक्षकांनी सिनसिनाटीचा पिचर क्वेटो याच्या नावाचा असा घोष केला की त्याच्या हातून चेंडू खाली पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिननं होम रन ठोकला. तो सामना पायरेट्सनी जिंकला. 2015 मध्ये तर 162 पैकी 98 सामने जिंकले, पण बाद फेरीच्या एका सामन्यात गाडी अडली.

खरी कसोटी होती ती त्यानंतरच्या हिवाळ्यात. थोडा आणखी खर्च केला असता तर कदाचित मजल पुढे गेली असती. पण मालकांनी हात आखडता घेतला. पिट्सबर्गच्याच परिसरात वाढलेला नील वॉकर न्यूयॉर्क मेट्सला देऊन टाकला आणि जॉन नीस हा पिचर आणला. आठ महिन्यांत नीसला पुन्हा मेट्सकडेच पाठवावं लागलं. 2016 मध्ये संघ निम्म्याहून जास्त सामने हरला.

2018 मध्ये याच्या उलट प्रकार झाला. या वेळी पायरेट्स घेणाऱ्याच्या भूमिकेत होते. टँपा बे रेज या संघाकडून त्यांनी ख्रिस आर्चर हा पिचर घेतला आणि बदल्यात टायलर ग्लासनाउ व ऑस्टिन मेडोज दिले. वर एक खेळाडू ‘नाव मागाहून कळवू’ या अटीवर दिला. तो निघाला शेन बाझ. आर्चरनं पिट्सबर्गसाठी दोन हंगामांत सहा सामने जिंकून दिले. मेडोजनं पुढच्याच वर्षी 33 होम रन मारले आणि ग्लासनाउ 2020 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळला. लक्षात घ्या, टँपा बेचा संघही गरीबच. म्हणजे पैसा नसला तरी पारख असली तर निभावतं.

मग ट्रेड वाईटच का? मुळीच नाही. 2018 च्या जानेवारीत मॅककचनला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं तेव्हा शहर हळहळलं. पण बदल्यात आलेला ब्रायन रेनल्ड्स उत्तम बॅटर निघाला. 2023 मध्ये संघानं त्याच्याशी आठ वर्षांचा, दहा कोटी डॉलरहून मोठा करार केला. संघाच्या इतिहासातला तोवरचा हा सर्वांत मोठा करार. त्याच वर्षी मॅककचनही परत आला आणि प्रेक्षकांनी उभं राहून त्याचं स्वागत केलं. दिलं, घेतलं आणि घेतलेलं जपलं. ट्रेडचा खरा अर्थ एवढाच.

दुखणं आहे ते न जपण्याचं. एकच साखळी सांगतो. 2011 मध्ये निवडप्रक्रियेत पहिल्या क्रमांकावर घेतलेला पिचर गेरिट कोल 2018 च्या जानेवारीत ह्यूस्टनला गेला. बदल्यात चौघे आले, त्यांत जो मसग्रोव्ह होता. 2021 च्या जानेवारीत मसग्रोव्हलाही सॅन डिएगोला दिलं. तीन महिन्यांत त्यानं तिथे प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता सामना जिंकून दिला. मसग्रोव्हच्या बदल्यात आला डेव्हिड बेडनार, पुन्हा पिट्सबर्गच्याच परिसरातला मुलगा. तो दोनदा ऑल-स्टार झाला. जुलै 2025 मध्ये त्यालाही विकलं. कुणाला? न्यूयॉर्क यांकीजला. कोल 2019 च्या डिसेंबरात नऊ वर्षांच्या 32 कोटी 40 लाख डॉलरच्या करारावर ज्या संघात गेला, त्याच संघाला! आणि बदल्यात काय, तर पुन्हा होतकरू मुलं.

म्हणजे बियाणं पेरायचं, पीक डोलायला लागलं की उभंच विकायचं आणि त्या पैशांतून पुन्हा बियाणं आणायचं. घरात धान्य कधी येतच नाही. हिशेबाच्या वहीत यातला एकेक व्यवहार शहाणपणाचा दिसेलही. चाहत्याच्या हाती मात्र ‘पुढच्या वर्षी’ हे दोनच शब्द उरतात. शिवाय इथे तळाला गेलेला संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जात नाही, उलट त्याला नव्या मुलांच्या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता वाढते. हरण्याची झळ मालकापेक्षा तिकीट काढणाऱ्याला जास्त बसते. एप्रिल 2025 मध्ये घरच्या पहिल्याच सामन्यात प्रेक्षकांनी ‘संघ विका’ अशा घोषणा दिल्या, त्या उगाच नव्हेत.

आता प्रश्न आहे पॉल स्कीन्सचा. 2023 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला हा पिचर 2024 मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला. 2025 मध्ये त्यानं नऊ डावांमागे सरासरी दोन धावाही दिल्या नाहीत आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमतानं मिळवला. तरीही त्याच्या खात्यावर दहा विजय आणि दहा पराभव! कारण त्या हंगामात तीसही संघांत सर्वांत कमी होम रन पायरेट्सचे होते. संघ 71 सामने जिंकला, 91 हरला.

स्कीन्सची सहा वर्षं 2029 च्या हंगामाबरोबर भरतात. तेवढ्या अवधीत पायरेट्सनी साठवलेली होतकरू मुलं देऊन चांगले बॅटर आणायला हवेत आणि गाठीचे पैसेही सोडायला हवेत. नाहीतर एखाद्या जुलैत स्कीन्सच्या बदल्यातही चार नवी नावं येतील. ती मुलं गुणी असतील, जाणकार त्या व्यवहाराची तारीफही करतील. पण पाठीवर स्कीन्सचं नाव असलेला शर्ट घालून नदीकाठच्या त्या सुंदर मैदानावर आलेल्या दहा वर्षांच्या पोराला त्याचा बाप काय सांगणार? त्या बापानं लहानपणी कुणाचं नाव पाठीवर घातलं होतं, तेही त्याला आठवत असेलच.