अडकलेली सीडी

आमच्या शाळेतला जुना संगणक यंदा निर्लेखनाच्या यादीत गेला. म्हणजे थेट भंगारात! आणि नेमकं तेव्हाच कपाटात २००९ च्या स्नेहसंमेलनाच्या सीडीचं रिकामं पाकीट सापडलं. सीडी कुठे? संगणकाच्या पोटात! दुसरी प्रत नाही. बटण दाबलं, तर आतून नुसती घरघर. ट्रे काही बाहेर येईना. मग चौथीच्या वर्गासमोरच शस्त्रक्रिया करायची ठरली.

आधी संगणक बंद करून त्याची वायर सॉकेटमधून काढली. नुसतं बटण बंद करून भागत नाही हं! मागचे स्क्रू काढून दोन्ही बाजूंची झाकणं उतरवली. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, कारण आपल्या अंगावर साठलेली स्थिर वीज नाजूक भाग बिघडवू शकते.

ड्राइव्हच्या मागे दोन जोडण्या होत्या. एक रुंद पट्टी, माहिती नेणारी. दुसरीत चार तारा : पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या. तार ओढायची नाही, टोकाचा प्लग धरून अलगद सोडवायचा. मग दोन्ही बाजूंचे स्क्रू काढले, मागून रेटा दिला, आणि ड्राइव्ह टेबलाच्या खणासारखा पुढून बाहेर आला. स्क्रू वाटीत ठेवा बरं का. मी विसरले, आणि अर्धा वर्ग जमिनीवर रांगत होता!

आता ड्राइव्हचा पत्रा उघडणार, तोच एक मुलगी म्हणाली, "बाई, बटणाजवळ हे बारीक भोक कशाला?"

मी कपाळावर हात मारला. अहो, ते भोक अशाच वेळेसाठी असतं! यू-पिन सरळ करून आत दाबली. ट्रे बोटभर पुढे आला, उरलेला हाताने ओढला. एवढा खटाटोप वाचला असता की! (पत्रा उघडून वीज मात्र कधीही जोडू नका. आतला लेझर जवळजवळ दिसत नाही, पण डोळ्यांना घातक असतो.)

सीडी जेमतेम १२ सेंटीमीटर रुंद. तिच्यावरची सूक्ष्म खुणांची गोल गोल रेघ उलगडली, तर पाच किलोमीटरहून लांब भरेल!

दुसऱ्या संगणकात ती लावली. थोडी खरखर झाली, मग पोवाडा सुरू झाला. मागच्या बाकावरचा एकजण उभाच राहिला, "बाई, हा माझा काका!"