लिनक्सवर ‘रस्ट’ भाषेची उभारणी

संगणकाची आज्ञावली लिहिण्याच्या भाषांमध्ये ‘रस्ट’ ही तुलनेने नवी भाषा होय. तिची पहिली स्थिर आवृत्ती १५ मे २०१५ रोजी प्रसिद्ध झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या ६.१ या आवृत्तीत तिला प्रवेश मिळाला. संगणकाच्या स्मृतीची हाताळणी चुकल्याने सुरक्षेत भगदाडे पडतात. आपल्याकडील सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के याच जातीचे असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते. रस्टचा कंपायलर अशा बहुतेक चुका आज्ञावली चालण्यापूर्वीच दाखवून देतो.

ही भाषा लिनक्सवर दोन मार्गांनी बसविता येते. डेबियन किंवा उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून ती घेतल्यास पारखलेली, परंतु बहुधा काहीशी जुनी आवृत्ती मिळते. दुसरा मार्ग ‘रस्टअप’ या साधनाचा. ते सर्व सामग्री वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्येच ठेवते, त्यामुळे प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही. शाळेच्या संगणक-कक्षात ही मोठीच सोय आहे, कारण एका विद्यार्थ्याच्या चुकीने मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. मात्र इंटरनेटवरून आलेली फाइल न पाहताच चालविण्याची जी सवय सर्वत्र रूढ झाली आहे, ती चांगली नव्हे. भाषेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच फाइल उतरवून घ्यावी, एकदा नजरेखालून घालावी आणि मगच चालवावी. जागा अपुरी असल्यास ‘मिनिमल’ हा पर्याय निवडावा. त्यात माहितीपुस्तिका वगळल्या जातात.

नवशिक्यांची अडचण बहुधा यापुढे होते. रस्ट आज्ञावलीचे तुकडे तयार करते, पण ते जोडण्याचे काम ‘लिंकर’ करतो आणि तो सी भाषेच्या साधनांबरोबर येतो. तो नसल्यास पहिलीच आज्ञावली अडते व दोष विनाकारण रस्टच्या माथी येतो. डेबियन व उबुंटूवर ‘बिल्ड-एसेन्शियल’ हा संच बसविला की ही अडचण दूर होते. यासाठी मात्र प्रशासकाची परवानगी लागते; ती तासापूर्वीच मिळवून ठेवावी.

सर्व बसवूनही ‘आज्ञा सापडत नाही’ असा संदेश आला तर घाबरू नये. टर्मिनलची जुनी खिडकी बंद करून नवी उघडावी, म्हणजे नवा मार्ग प्रणालीच्या ध्यानात येतो. त्यानंतर ‘कार्गो’ या साधनाला नवा प्रकल्प मांडण्यास सांगितले की अभिवादनाची एक छोटी आज्ञावली आयतीच तयार होते. ती चालली की उभारणी बिनचूक झाली असे समजावे. नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते व ती घेण्यास रस्टअपची एक आज्ञा पुरते.