रिपोर्ट अपलोड झाला, पण कुणाच्या केसपेपरवर?

भामरागडकडचा किंवा बिलासपूरच्या आसपासच्या खेड्यातला पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा बहुतेकदा त्याच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी असते. तिच्यात दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, घडीवर फाटलेला रक्ताचा रिपोर्ट, एखादी एक्स-रेची फिल्म. त्याचा सगळा वैद्यकीय इतिहास तेवढाच. ती पिशवी पावसात भिजली की पुन्हा त्याच तपासण्या, पुन्हा तोच खर्च आणि बुडालेली मजुरी.

या पिशवीवरचा एक उत्तम उपाय बंगळुरूत तयार झाला. थॉटवर्क्स कंपनीच्या अभियंत्यांनी ‘बाह्मनी’ ही रुग्णालयांसाठीची प्रणाली लिहिली आणि 2013 मध्ये ती छत्तीसगडमधल्या गनियारी इथे, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात, पहिल्यांदा चालू झाली. तिचा पाया म्हणजे ओपनएमआरएस, 2004 पासून केनियातल्या एचआयव्हीच्या रुग्णांसाठी उभं राहिलेलं सॉफ्टवेअर. बाह्मनी मोफत आहे, तिचा कोड सर्वांना खुला आहे आणि ती दवाखान्यातल्याच सर्व्हरवर चालते, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की बाहेरच्या जगाशी संपर्क तुटणाऱ्या भामरागड तालुक्यात याचं मोल फार. तिथल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या रुग्णालयानेही ही प्रणाली वापरली आहे.

काउंटरवरचा कर्मचारी जुन्या रिपोर्टचा फोटो चढवतो तेव्हा आत नेमकं काय होतं? बाह्मनीत ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला हा निरोप मजकुराच्या रूपात जातो आणि फोटो हा काही मजकूर नव्हे. म्हणून फोटोतले दर तीन बाइट घेऊन त्यांची चार अक्षरं केली जातात. या पद्धतीला ‘बेस-64’ म्हणतात, कारण त्यात एकूण 64 चिन्हं वापरतात. तीन एमबीचा फोटो त्यामुळे वाटेत चार एमबीचा होतो. सर्व्हर त्याचा पुन्हा फोटो बनवून डिस्कवर ठेवतो, सोबत एक लहान प्रतिमा तयार करतो आणि डेटाबेसमध्ये फक्त त्या फाइलचा पत्ता लिहितो.

हे सगळं यंत्र बिनचूक करतं. चूक होते ती त्याच्या आधी. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतात आणि यादीतल्या चुकीच्या ओळीवर बोट पडतं. पेशंटचा क्रमांक हाताने टाकताना एखादा आकडा चुकला, तर शेवटी जोडलेला तपासणी-अंक ती चूक पकडू शकतो; पण चुकीचं नाव निवडलं तर तो काहीच करू शकत नाही. तिथे उपयोगी पडतो नोंदणीच्या वेळी काढलेला चेहऱ्याचा फोटो. मधुमेहाच्या पेशंटच्या केसपेपरवर दुसऱ्याचीच साखर चढली, तर डोस चुकायला वेळ लागत नाही.

दुसरी गफलत तारखेची. रिपोर्ट मार्चचा, अपलोड सप्टेंबरात. डॉक्टरला स्क्रीनवर त्यातली साखर आजची वाटते. म्हणूनच बाह्मनीत जुना कागद चढवताना आधीच्या तारखेची भेट नोंदवता येते आणि कागद त्या भेटीखाली ठेवता येतो. गर्दीच्या ओपीडीत हे दोन क्लिक टाळण्याचा मोह होतो. माझ्या मते पूर्ण प्रणालीतले सर्वांत महत्त्वाचे क्लिक हेच.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. एखाद्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 7 आहे हे फोटोत डॉक्टरला दिसतं, पण सॉफ्टवेअरला दिसतात नुसते रंगाचे ठिपके. ‘हिमोग्लोबिन 8च्या खाली असलेल्या सगळ्या गरोदर बायका दाखव’ असं विचारलं तर ही बाई त्या यादीत येणारच नाही. तिचा आकडा कुणीतरी टाइप करायला हवा. याउलट सीटी स्कॅनची ‘डायकॉम’ फाइल पाहा: पेशंटचं नाव, क्रमांक आणि तपासणीची तारीख त्या फाइलच्या पोटातच असते. मोबाइलवर काढलेल्या फोटोला असा आधार नसतो.

सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 14 अंकी आभा क्रमांकाला आपल्या नोंदी जोडता येतात. त्या नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि आपल्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. म्हणजे एका काउंटरवर झालेली चूकही आता दुसऱ्या गावातल्या डॉक्टरपर्यंत पोहोचू शकते.

म्हणून पुढच्या वेळी रिपोर्ट अपलोड होत असताना खिडकीशी दोन मिनिटं थांबा. स्क्रीनवर नाव आपलंच आहे ना आणि तारीख तपासणीचीच पडली ना, एवढं विचारा. आणि आपल्या नोंदींची प्रत मागायला संकोचू नका: वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.